प्रॉपेलर फिरताना दिसला पाहिजे: कॅनन १००-४०० मार्क टू, सहा वर्षांच्या वापरानंतर

कुंपणाशी उभं राहून काढलेला माझा पहिला विमानाचा फोटो मी अजून जपून ठेवलाय. पांढरं-निळं सेसना १७२, चाकं जमिनीपासून हातभर वर, शेपटीवरची अक्षरं सुईने कोरल्यासारखी स्वच्छ. आणि प्रॉपेलर ठप्प. दोन्ही पाती आडवी, जणू कुणी इंजिन बंद करून विमान हवेत टांगून ठेवलंय. शटर, म्हणजे फोटो टिपायला लागलेला वेळ, होतं १/२००० सेकंद. मला तेव्हा तो फोटो फार आवडला होता. फ्लाइंग क्लबमधल्या एका इन्स्ट्रक्टर सरांना मोठ्या हौसेने दाखवला. त्यांनी तो नीट निरखून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, हे विमान पडतंय."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. जेट विमानाचा फोटो कितीही वेगवान शटरने काढला तरी फारसं बिघडत नाही, कारण त्याचं फिरणारं सगळं आत दडलेलं असतं. लहान विमानाचा जीव त्याच्या नाकावर, उघड्यावर फिरत असतो. तो थांबवला की विमान निर्जीव दिसतं. तेव्हापासून मी एकाच गोष्टीच्या मागे आहे: विमान धारदार हवं आणि पात्यांची चकती धूसर हवी. कॅननची ईएफ १००-४०० एमएम एफ/४.५-५.६ एल आयएस टू ही लेन्स मी सहा वर्षं याच एका कसोटीवर वापरली आहे. पक्ष्यांसाठी, खेळांसाठी ती कशी आहे हे सांगणारे पुष्कळ जण आहेत. मी छोट्या विमानतळावरच्या छोट्या विमानांपुरतंच बोलणार आहे.

आधी थोडं गणित, कारण लेन्सची खरी परीक्षा तिथेच आहे. १७२ आकाशात चढत असताना त्याचा प्रॉपेलर मिनिटाला साधारण २४०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ४०. १/२००० सेकंदात पातं जेमतेम ७ अंश सरकतं, म्हणून ते गोठल्यासारखं दिसतं. १/५०० ला २९ अंश, म्हणजे पात्याच्या कडा जरा पुसट होतात, बस्स. १/१२५ ला ११५ अंश, आता कुठे पंख्यासारखं दिसायला लागतं. १/८० ला बरोबर अर्धा फेरा होतो, आणि पाती दोन असल्यामुळे अर्ध्या फेऱ्यात चकती पूर्ण होते. तीन पात्यांच्या विमानाला १/१२० सुद्धा पुरतं. पात्यांची टोकं पांढरी किंवा पिवळी रंगवलेली असतील, तर चकतीच्या कडेला त्या रंगाचं पातळ कडं उमटतं. ते कडं मिळालं की मला दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटतं.

हे झालं चढतानाचं. उतरताना वैमानिक पॉवर कमी करतो, फेरे खाली येतात आणि तीच १/८० कमी पडते. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चाकांवरून जाताना, फेरे हजाराच्या आसपास असतात, तिथे पूर्ण चकतीसाठी १/३० पर्यंत खाली यावं लागतं. हेलिकॉप्टरचं तर वेगळंच प्रकरण. रॉबिन्सन आर४४ चा मुख्य रोटर मिनिटाला चारशेच्या आसपासच फिरतो. त्याच्या पूर्ण चकतीच्या मागे मी लागत नाही, १/६० ला चाळीसेक अंशांची पुसट पट्टी मिळते तेवढी मला पुरते.

आता यातली मेख बघा. उतरणारं १७२ ताशी १२० किलोमीटरच्या आसपास असतं. १/८० सेकंदात ते ४० सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं. तेवढ्या वेळात कॅमेरा अगदी त्याच्याच वेगाने वळला नाही, तर प्रॉपेलरबरोबर वैमानिकाचा चेहरा, अक्षरं, खिडक्या सगळं पुसलं जाणार. लेन्सने हातभार लावायचा तो इथे.

या लेन्सवर स्टॅबिलायझरचे तीन मोड आहेत. पहिला सगळ्या दिशांची थरथर आवरतो. दुसरा पॅनिंगसाठी, म्हणजे विमानाबरोबर कॅमेरा वळवत फोटो काढण्यासाठी आहे. तुम्ही कोणत्या दिशेने कॅमेरा फिरवताय ते तो ओळखतो आणि त्या दिशेला अडवत नाही, फक्त वर-खाली होणारं हलणं शोषून घेतो. तिसरा मोड शटर उघडं असतानाच काम करतो, व्ह्यूफाइंडरमध्ये काही जाणवत नाही. माझं बटण जवळजवळ कायम दुसऱ्यावर असतं. पहिल्या मोडवर पॅन करताना हाताला काहीतरी मागे ओढतंय असं वाटत राहतं, चित्र सरकतं, थबकतं, पुन्हा सरकतं. दुसऱ्या मोडला ते ओढणं जातं आणि विमान व्ह्यूफाइंडरमध्ये शांत बसतं. कसरती करणारं एखादं विमान आलं, वर-खाली-आडवं कुठेही वळणारं, तर मात्र मी तिसऱ्यावर जाते.

माझा हिशेब सांगते. १/२५० ला निम्म्याहून जास्त फोटो धारदार येतात. १/१२५ ला चारांत एक. १/८० ला शंभरात आठ-दहा, आणि हेही बऱ्याच सरावानंतर. लेन्स घेतली त्या पहिल्या महिन्यात शंभरात एकही येत नव्हता. म्हणून कुणी मला विचारलं की ही लेन्स घेतल्यावर फोटो सुधारतील का, तर मी आधी विचारते, रोज संध्याकाळी रस्त्यावरच्या सायकलींवर पॅनिंगचा सराव करायची तयारी आहे का? पाय धावपट्टीच्या मधल्या बिंदूकडे रोखून घट्ट रोवायचे, कमरेतून वळायचं, कोपर अंगाला टेकलेलं, आणि शटर दाबल्यावरही वळणं थांबवायचं नाही. यातलं कुठलंच काम लेन्स करत नाही.

आता या लेन्सबद्दल मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. मी ती ४०० साठी, म्हणजे झूमच्या सगळ्यांत लांबच्या टोकासाठी, घेतली होती. विमानं लांब असतात, मोठा आकडा हवा, असा सरळ हिशेब होता. मोठ्या विमानतळावर तो बरोबर असेलही. छोट्या विमानतळावर धावपट्टी जवळ असते. मी उभी राहते तिथून मध्यरेषा नव्वदेक मीटरवर आहे. १७२ ची लांबी सव्वाआठ मीटर. माझ्या ७डी मार्क टू कॅमेऱ्याच्या छोट्या सेन्सरवर ४०० ला नाकापासून मागच्या खिडकीपर्यंतच मावतं, शेपटी बाहेर. नाकापुढे थोडी मोकळी हवा सोडून अख्खं विमान बसवायचं, तर १७० ते १८० लागतं. वर्षभराने मी माझ्या आवडत्या फोटोंची माहिती उघडून पाहिली, तर बहुतेक सगळे १५० ते २५० च्या मधले. म्हणजे ज्या टोकासाठी वजन वाहत होते, ते टोक मी विमान लांब फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत सरळ उतरत, असताना ओळखण्यापुरतं वापरत होते.

पण नुसती ७०-२०० घेतली असती तरी चाललं असतं, असं मी म्हणणार नाही. विमान फायनलवर जवळ येतं तेव्हा ४०० वर समोरून त्याचा चेहरा मिळतो, दोन्ही पंख, लँडिंग लाइट, आणि त्यामागे उन्हात थरथरणारी हवा. तिथून माझ्या समोर यायला त्याला दहा-बारा सेकंद लागतात. तेवढ्यात ४०० वरून १८० वर यायचं, फोकस सुटू द्यायचा नाही आणि पॅनची लय मोडू द्यायची नाही. झूम रिंग या कामाला अतिशय गोड आहे. १९९८ मध्ये आलेल्या आधीच्या १००-४०० ला पुढे ढकलायचं आणि मागे ओढायचं झूम होतं. ती मी काही दिवस एका ओळखीच्यांकडून आणून वापरली होती. ओढताना दर वेळी लेन्सचं नाक खाली जायचं. नोव्हेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेल्या या दुसऱ्या आवृत्तीला फिरवायची रिंग आहे आणि तिच्या शेजारी आणखी एक बारीक रिंग, जिने झूम सैल किंवा घट्ट करता येतं. मी ती पूर्ण सैल ठेवते. डाव्या हाताचा अंगठा आणि एक बोट, एवढ्यावर झूम फिरतं आणि बाकीचा तळहात लेन्सचा भार पेलतो. बॅगेत ठेवताना घट्ट करते, नाहीतर तोंड खाली गेलं की नळी आपोआप बाहेर सरकते.

मी उभी राहते तिथे वाऱ्यालाही महत्त्व आहे. विमानं वाऱ्याच्या तोंडावर उतरतात आणि तोंडावरच उडतात, त्यामुळे गेल्या गेल्या पहिली नजर विंडसॉककडे. विमान माझ्या उजवीकडून डावीकडे उतरत असेल, तर त्याची डावी बाजू मला दिसते. वैमानिक डाव्या सीटवर बसतो, म्हणजे चेहरा मिळतो. वारा फिरला की उजवी बाजू समोर येते, वैमानिक पलीकडे जातो आणि मी त्या दिवशी माणसं सोडून विमानाच्या आकाराकडे बघते. सर्किट म्हणजे धावपट्टीभोवतीची फेरी; ती डाव्या वळणांची असेल आणि विमान डावी बाजू दाखवत उतरत असेल, तर तिचा डाउनविंड, म्हणजे उतरण्याच्या उलट दिशेने जाणारा भाग, माझ्या पाठीमागून, हजारेक फुटांवरून जातो. मागे न बघताही कळतं, कारण धावपट्टीच्या टोकाला समांतर आल्यावर वैमानिक पॉवर कमी करतो आणि इंजिनाचा सूर उतरतो. तो उतरलेला सूर ऐकू आला की मी कॅमेरा उचलते. विमानं दाखवणाऱ्या अॅपवर ही छोटी विमानं नेहमी दिसतातच असं नाही, कारण सगळ्यांवर आपली जागा कळवणारा एडीएस-बी ट्रान्समीटर नसतो. कान जास्त भरवशाचे.

अशाच एका सकाळी ते इन्स्ट्रक्टर सर कुंपणाच्या आतल्या बाजूला हातात रेडिओ घेऊन उभे होते. रोज विमानात बसणारा माणूस जमिनीवर उभा आहे म्हटल्यावर मला कळलं. मी विचारलं, "सोलो?" त्यांनी फक्त मान हलवली. एक विद्यार्थिनी पहिल्यांदाच एकटी सर्किट मारत होती. माझ्या हातात एकच संधी होती आणि त्या मुलीच्याही. १/८० लावायचं की सुरक्षित १/२५०? मी १/१२५ वर तडजोड केली. चौदा फोटो निघाले. अकरावा तेवढा धारदार आहे. चाकं टेकायच्या आधीचा क्षण, प्रॉपेलरची अर्धीमुर्धी चकती, त्या मुलीचे ओठ घट्ट मिटलेले, आणि तिच्या पलीकडची उजवी सीट रिकामी. सीटबेल्ट नीट बांधून ठेवलेला दिसतोय, रिकाम्या सीटचा बांधतात तसा. १८५ वर काढलेला फोटो आहे. तो मोठा छापून तिला दिला तेव्हा तिने सगळ्यांत आधी त्या सीटवर बोट ठेवलं.

आता एक गोष्ट, जी मला कुणी आधी सांगितली नव्हती. भर उन्हात १/८० लावायचं तर प्रकाश जास्त होतो. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १०० ठेवूनही अपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक, एफ/१८ च्या आसपास बंद करावं लागतं (एफचा आकडा जितका मोठा, तितकं भोक लहान). तिथे दोन त्रास होतात. डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, धार बोथट होते, आणि सेन्सरवरचा धुळीचा कण न् कण निळ्या आकाशावर काळ्या ठिपक्यासारखा उठतो. एकेका फोटोतले तीस-तीस ठिपके पुसत मी रात्री बसले आहे. यावर उपाय पोलरायझर फिल्टर. तो दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश), त्यामुळे अपर्चर एफ/९ ते एफ/११ वर ठेवता येतं, जिथे ही लेन्स सगळ्यांत सुंदर आहे. या लेन्सच्या हूडला, म्हणजे पुढच्या काचेभोवतीच्या आडोशाला, एक छोटी सरकती खिडकी दिली आहे. ती उघडून बोटाने फिल्टर फिरवता येतो, हूड काढावा लागत नाही. पहिल्यांदा मला ती खिडकी निरुपयोगी वाटली होती. आता मी दर अर्ध्या तासाने ती उघडते.

पोलरायझरच्या दोन खोड्या मात्र लक्षात ठेवा. छोट्या विमानांच्या खिडक्या अॅक्रिलिकच्या असतात, आणि त्यातला ताण पोलरायझरमधून इंद्रधनुषी पट्ट्यांसारखा दिसतो. जांभळ्या-हिरव्या लाटा, थेट वैमानिकाच्या तोंडावर. फिल्टर जरासा फिरवला की त्या बऱ्याचदा फिक्या होतात. दुसरी खोडी, पॅन करताना सूर्याशी असलेला कोन बदलत जातो, त्यामुळे पहिल्या फोटोत आकाश गडद निळं आणि शेवटच्यात फिकं. एकाच विमानाची मालिका लावायची असेल तर हे खटकतं.

फिल्टरवरून आठवलं. मधल्या काळात तीन आठवडे माझे सगळे ४०० वरचे फोटो मऊ यायला लागले. अक्षरांना दुहेरी कडा, जसं डोळे चोळल्यावर दिसतं. मी लेन्सला दोष दिला, फोकसला दिला, शेवटी स्वतःच्या हातांना दिला. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवून समोरच्या भिंतीवर छापील कागद चिकटवला आणि एकेक गोष्ट काढत गेले. गुन्हेगार निघाला पुढच्या काचेला संरक्षण म्हणून लावलेला साधा पारदर्शक फिल्टर. कुठल्या कंपनीचा ते महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे, की लांब फोकल लेंग्थला निकृष्ट काच लगेच उघडी पडते. आता पुढे हूड आणि गरजेपुरता चांगला पोलरायझर, एवढंच. फिल्टरचं माप ७७ एमएम आहे, बरंच रुळलेलं माप, त्यामुळे चांगल्या फिल्टरला तोटा नाही.

मऊपणाचं दुसरं कारण लेन्सच्या हातात नाही, ते म्हणजे तापलेली हवा. ऊन चढल्यावर डांबरी धावपट्टीवरून हवा उकळल्यासारखी वर येते आणि चारशे मीटरवरचं विमान पाण्यातून पाहिल्यासारखं दिसतं. कितीही चांगली लेन्स तिथे काही करू शकत नाही. मी उजाडल्यापासून पहिले दोन तास आणि मावळतीचे दोन तास धरते. मधल्या वेळात फक्त जवळचं काम, टॅक्सीवे, हँगरचं दार, इंजिनाचं झाकण उघडून वाकलेला मेकॅनिक. जवळच्या कामात या लेन्सने मला चकित केलं. ही ९८ सेंटिमीटरवर फोकस करते. एकदा रीतसर परवानगी घेऊन, चमकतं जॅकेट घालून मी एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या जागेवर, गेले होते. उभ्या असलेल्या पाइपर चेरोकीच्या पंखाचे रिव्हेट्स मी ४०० वर टिपले. प्रत्येक रिव्हेटभोवती रंगाला बारीक तडा आणि त्यात मुरलेली काळी धूळ. ते पाहिल्यावर विमानाचं वय न विचारता कळतं. एप्रनवर जाणार असाल, तर विमानावरचा लाल बीकन लुकलुकायला लागला की दूर व्हायचं, आणि इंजिन बंद असलेल्या प्रॉपेलरसमोरही कधी उभं राहायचं नाही. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून पाऊल मागे टाकायचं नाही, हेही त्यातच आलं.

कुंपणाचं सांगायचं राहिलं. जाळीचं कुंपण असेल तर हूड जाळीला टेकवा, अपर्चर पूर्ण उघडा. २०० च्या पुढे जाळी विरघळून जाते, फक्त चित्राचा उठाव जरा कमी होतो. पण १/८० साठी अपर्चर बंद केलं की जाळी राखाडी पट्ट्या होऊन परत येते. आणि जाळीला टेकवून पॅन करताच येत नाही. मी दोन पायऱ्यांचा घडीचा स्टूल नेते आणि कुंपणाच्या वरून काढते. विमानतळाच्या लोकांना आधी विचारून, हे वेगळं सांगायला नको. काही देशांत विमानतळाचे फोटो काढायलाच बंदी आहे, काही ठिकाणी रेडिओवरचं बोलणं ऐकणंही बेकायदा आहे. आपल्या जागी नियम काय आहे ते पहिल्या फोटोच्या आधी माहीत पाहिजे. तोंडओळख झाली की दारं उघडतात. क्लबच्या लोकांना त्यांच्या विमानाचे फोटो पाठवत राहिले, म्हणून आज मला कोण कधी उडणार ते आधी कळतं.

तोंडओळखीचा आणखी एक फायदा असा, की विमानाचं कौतुक करायला शिकतो आपण. १७२ म्हणजे सगळीकडे दिसणारं, म्हणून अनेक जण त्याच्याकडे कॅमेरा वळवत नाहीत. ते १९५६ पासून बाजारात आहे आणि ४४ हजारांहून जास्त बनली आहेत. अशाच एका १७२ मध्ये रॉबर्ट टिम आणि जॉन कुक या दोघांनी ४ डिसेंबर १९५८ ते ७ फेब्रुवारी १९५९ असे सलग ६४ दिवस २२ तास लास व्हेगासच्या परिसरात उड्डाण केलं, खाली धावणाऱ्या ट्रकमधून इंधन वर ओढून घेत. हे वाचल्यापासून माझ्यासमोरून जाणारं कुठलंच १७२ मला साधं वाटत नाही.

वजन. लेन्स ट्रायपॉडच्या पायाशिवाय १५७० ग्रॅम, माझी बॉडी ९१० ग्रॅम, मिळून जवळजवळ अडीच किलो. पहिला तास काही वाटत नाही. दुसऱ्या तासाला डावा खांदा बोलायला लागतो आणि त्याचा थेट परिणाम १/८० च्या फोटोंवर होतो. तीन सर्किटं काढायची, एक सोडायचं, असं मी ठरवून टाकलंय. मोनोपॉड वापरून पाहिला, पण वर चढणाऱ्या विमानामागे तो अडतो. ट्रायपॉडचा पाय काढता येतो, मी तो काढूनच ठेवलाय. त्याची कॉलर मात्र निघत नाही, आणि पायाला क्लॅम्पमध्ये थेट बसणारी खाच नाही, वेगळी प्लेट जोडावी लागते.

४०० ला एफ/५.६ हे पहाटे आणि ढगाळ हवेत कमी पडतं असं बरेच जण म्हणतात. माझ्या कामात फारसं नाही, कारण शटरच हळू आहे. १.४ एक्स एक्स्टेंडर लावून लांबी वाढवण्याच्या फंदात मी पडत नाही. एफ/८ होतं आणि ७डी मार्क टू वर ६५ पैकी फक्त मधला एकच पॉइंट फोकस करतो. विमान कायम मधोमध ठेवून नाकापुढे मोकळी जागा कुठून आणणार? फोकस एरवी झपाट्याचा आहे. बाजूच्या बटणावर ३ मीटरपासून पुढेच शोधायची मर्यादा लावून ठेवली की समोर गवताचं पातं आलं तरी तो फारसा भरकटत नाही. मी मधल्या पॉइंट्सचा गट कॉकपिटवर ठेवते, कधीच प्रॉपेलरवर नाही. चकतीवर ठेवला की फोकस गडबडतो.

गेल्या वर्षी मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, बॉडीवर अॅडॅप्टर लावून ही लेन्स चालवली. फोकस आणि स्टॅबिलायझर जसेच्या तसे चालतात, उलट विमान ओळखून धरणं सोपं होतं. पण तिथे पहिल्याच दिवशी पाती केळीसारखी वाकलेली आली. सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू राहिलं होतं. असं शटर चित्र एकेक ओळ करत वाचतं, तेवढ्यात पातं पुढे गेलेलं असतं. मेकॅनिकल शटरवर आणलं आणि पाती सरळ झाली. प्रॉपेलर काढणाऱ्यांनी ही सेटिंग घरातून निघतानाच तपासावी.

नव्याने मिररलेस घेणाऱ्यांनी हीच लेन्स शोधत बसावं का? कॅननची मिररलेससाठीची आरएफ १००-५०० वजनाने हलकी आणि जास्त लांब पोचणारी आहे, पण ज्या १५० ते २५० च्या पट्ट्यात मी राहते तिथे तिची लांबी माझ्या कामाची नाही. आरएफ १००-४०० फक्त ६३५ ग्रॅमची आहे. ४०० ला एफ/८, म्हणून लोक तिला नाकं मुरडतात. उन्हात १/८० ने काढणाऱ्याला एफ/८ आणि एफ/५.६ मध्ये फरक पडत नाही, दोन्ही लेन्स एफ/११ वरच असणार. हलकी लेन्स तीन तास स्थिर धरता येत असेल, तर अशा माणसाला मी तीच घ्या म्हणेन. मला स्वतःला या जुन्या लेन्सचं वजन पॅनिंगमध्ये थोडं मदतीलाही येतं. जड वस्तू एकदा फिरायला लागली की एकसारखी फिरते.

ही लेन्स वापरलेलीच घ्यायची असेल, तर हूड, दोन्ही झाकणं आणि ट्रायपॉडचा पाय सोबत आहेत का बघा. झूम रिंग सैल ठेवून १०० ते ४०० दहा वेळा फिरवा, मध्ये कुठे अडतंय का ते बोटांना कळतं. स्टॅबिलायझर चालू होताना बारीक टक् आणि मग हलकी घरघर येते, ती यायलाच हवी. शक्य असेल तर घरातला टेबल फॅन लावा आणि हातात धरून ४०० वर १/८० ने त्याचे दहा फोटो काढा. पाती धूसर आणि त्यापुढच्या जाळीच्या तारा धारदार, असे त्यातले सात-आठ तरी आले पाहिजेत.